सावंतवाडीतील एका कातकामाच्या कारखान्यासाठी बेंच ग्राइंडरची निवड

कारखाना आणि अडचण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीच्या परिसरात लेथवर लाकूड कातून खेळणी, भोवरे, लाटणी, रव्या, पाळण्याचे आणि देव्हाऱ्याचे खांब करण्याचे आणि त्यांवर लाखेचे रंग चढवण्याचे काम अनेक पिढ्यांपासून चालत आले आहे. येथे अभ्यासासाठी घेतलेला कारखाना याच परिसरातील एका चुलत्या-पुतण्याचा असून त्यात दोन लेथ आहेत. काकांची हत्यारे लोहाराकडून जुन्या कानशींपासून आणि ट्रकच्या कमानपाट्यांपासून घडवून घेतलेली आहेत, तर काप घेण्याचे अरुंद हत्यार मशीन हॅक्सॉच्या जुन्या पात्याचे आहे. शिवण आणि फणस या लाकडांवर या हत्यारांनी काकांनी उत्तम काम केले आहे. पुतण्याने मात्र जिन्याच्या कठड्याचे सागवानी खांब आणि खोलगट वाडगे अशी नवी कामे घेण्यास सुरुवात केली आणि त्यासाठी हायस्पीड स्टीलचे (तापले तरी कठीण राहणाऱ्या मिश्र पोलादाचे) गाउज, म्हणजे पन्हळीसारखी खोलगट हत्यारे, व तिरप्या धारेचे स्क्यू चिझेल विकत आणले. तेव्हापासून धार लावण्याची व्यवस्था अपुरी पडू लागली.

ती का अपुरी पडली, हे समजण्यासाठी कातकामातील धारेवर किती ताण पडतो ते पाहावे लागेल. 50 मिमी व्यासाचा खांब मिनिटाला 2000 फेऱ्यांनी फिरत असेल, तर धारेसमोरून मिनिटाला सुमारे 314 मीटर लाकूड सरकते. म्हणजे दहा मिनिटांच्या सलग कामात धार तीन किलोमीटरहून अधिक लाकूड कापते. शिवाय सागात सिलिकाचे बारीक कण असतात आणि ते पोलादाची धार झपाट्याने झिजवतात. म्हणून कातारी दिवसातून एकदा धार लावून काम भागवू शकत नाही. त्याला काम थांबवून यंत्रापाशी जाणे, दोन-चार हलके हात मारणे आणि परत लेथवर येणे हे सतत करावे लागते. धार लावण्यास कंटाळा येईल असे यंत्र असेल, तर तो बोथट हत्यारानेच काम रेटतो, लाकडाचे तंतू कापण्याऐवजी उपटले जातात आणि उरलेली कसर पॉलिश पेपरवर काढावी लागते.

कारखान्यात आधीपासून 150 मिमी चाकांचा, पाव अश्वशक्तीचा एक स्वस्त बेंच ग्राइंडर, म्हणजे टेबलावर बसवून फिरत्या चाकांवर धार लावण्याचे यंत्र, होता. त्याच्याबद्दल तीन तक्रारी होत्या. धार निळी-काळी पडत असे. धारेमागच्या उताराला एकसंध वळण येण्याऐवजी पैलूंमागून पैलू पडत असत. आणि यंत्र चालू केले की टेबलासकट थरथरत असे. पुतण्याने परदेशी, बहुतेक अमेरिकी, कातकाम करणाऱ्यांच्या चित्रफिती पाहून मत बनवले होते की 200 मिमी चाकांचा, मिनिटाला 1725 फेऱ्यांचा ‘स्लो स्पीड’ ग्राइंडर घेतला की सर्व प्रश्न सुटतील. काकांचे म्हणणे होते की जुन्या यंत्रात बिघाड नाही, हात हलका हवा. माझ्या मते दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते, परंतु तीन तक्रारींची तीन वेगवेगळी कारणे असू शकतात, हा विचार कोणीच केला नव्हता.

आधी चाक, मग यंत्र

नवीन यंत्रावर पैसे खर्च करण्याआधी जुन्याच यंत्रावर कारणे वेगळी करून पाहायची, असे ठरले. पहिला प्रश्न पोलादाचा होता, कारण काकांच्या हत्यारांपैकी कोणते कशापासून बनले आहे याची सर्वांबाबत खात्री नव्हती. ही पारख ठिणग्यांवरून होते. साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळसर-पांढऱ्या असतात आणि टोकाला भरपूर फाटे फुटतात. हायस्पीड स्टीलच्या ठिणग्या मंद, तांबूस-नारिंगी आणि विरळ असतात व त्यांना फाटे जवळजवळ फुटत नाहीत. कानशींची व कमानपाट्यांची हत्यारे पहिल्या वर्गात पडली, तर हॅक्सॉच्या पात्याचे हत्यार आणि पुतण्याची खरेदी दुसऱ्या वर्गात पडली.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण निळ्या रंगाचा अर्थ दोन्ही पोलादांत सारखा नाही. कार्बन पोलादाचा पृष्ठभाग निळा पडतो तेव्हा तापमान साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचलेले असते, आणि तेवढ्या उष्णतेने लोहाराने दिलेले पाणी उतरते. तो भाग मऊ होतो आणि निळा थर पूर्ण घासून काढल्याखेरीज पुन्हा टिकाऊ धार मिळत नाही. हायस्पीड स्टीलचे टेम्परिंग, म्हणजे कठीण केलेले पोलाद पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवणे, मुळातच 550 अंशांच्या आसपास केलेले असते, त्यामुळे निळसर झाक आली तरी त्याचा कठीणपणा जात नाही. उलट ते तापलेले असताना पाण्यात बुडवले, तर धारेला सूक्ष्म तडे जाण्याचा धोका असतो. काकांची सवय प्रत्येक हत्यार पाण्यात बुडवण्याची होती. ती त्यांच्या हत्यारांसाठी योग्यच होती, परंतु पुतण्याच्या गाउजसाठी ती हानिकारक होती. त्या दिवसापासून हायस्पीड स्टीलच्या हत्यारांच्या मुठींवर लाल पट्टा रंगवण्यात आला, म्हणजे घाईतही चूक होऊ नये.

दुसरा प्रश्न चाकाचा होता. यंत्रासोबत आलेले करडे चाक गंजलेले लोखंड, वेल्डिंगचे सांधे, पहारी यांसाठी असते. त्याचा बंध, म्हणजे कण धरून ठेवणारा पदार्थ, कठीण असतो, म्हणजे त्यातील बोथट झालेले कण सुटून पडत नाहीत. कठीण पोलादावर असे चाक लवकर गुळगुळीत होते, मग ते कापत नाही, नुसते घासते, आणि घासण्याची सगळी उष्णता धारेत उतरते. त्याऐवजी ‘डब्ल्यूए 80 के 5 व्ही’ अशी खूण असलेले पांढरे चाक आणले. यातील पहिली अक्षरे पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची, 80 हा कणांचा आकार, ‘के’ ही बंधाची मध्यम-मऊ प्रत, 5 ही रचना, म्हणजे कण किती दाट बसवले आहेत ते, आणि ‘व्ही’ म्हणजे चिनी मातीसारखा भाजलेला, व्हिट्रिफाइड बंध. दुकानदाराला केवळ ‘पांढरा दगड द्या’ असे सांगितले, तर तो कोणत्याही प्रतीचे चाक देऊ शकतो; म्हणून ही खूण कागदावर लिहून नेणे मी आवश्यक मानतो. चाकाबरोबर एक डायमंड ड्रेसरही घेतला, कारण पांढरे चाकही वेळोवेळी खरडून ताजे केले नाही, तर काही आठवड्यांत करड्या चाकासारखेच वागू लागते.

या एका बदलाने पहिली तक्रार जवळजवळ संपली. वेग तोच होता, यंत्र तेच होते, तरी काकांच्या कानशीच्या पटाशीला न तापता धार येऊ लागली. वेग कमी केल्याखेरीज धार जळायची थांबणार नाही, हा समज येथे निकालात निघाला.

थरथर मात्र कायम राहिली. चाक काढून मोकळा दांडा फिरवला तर यंत्र शांत होते, म्हणजे बेअरिंग पूर्णपणे गेलेली नव्हती. दोष जोडणीत होता. चाकाचे भोक 31.75 मिमीचे आणि दांडा त्याहून खूप बारीक, त्यामुळे मधल्या फटीत प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे फट भरणारे कडे, बसवलेले होते व ते सैल होते. शिवाय चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या वाटीसारख्या चकत्या पातळ पत्र्याच्या, ठोकून काढलेल्या होत्या आणि त्या सपाट बसत नव्हत्या. चाक आऊट, म्हणजे डुलत, फिरत होते ते यामुळे. जवळच्या मशीन शॉपमधून ॲल्युमिनियमचे नेमक्या मापाचे बुश आणि जाड लोखंडी चकत्या कातून आणल्यावर थरथर बरीच कमी झाली. परंतु डायल गेज, म्हणजे बारीकसा वाकडेपणाही मोजणारे घड्याळी मापक, लावल्यावर दांडाच किंचित वाकडा असल्याचे दिसले. बुश बदलता येतो, वाकडा दांडा सरळ करण्याचा खर्च त्या यंत्रावर करण्यात अर्थ नव्हता. नवीन ग्राइंडर घेण्याचे खरे कारण हे ठरले.

पर्यायांची छाननी

वेगाचा मुद्दा आकड्यांत मांडल्यावर बराच स्पष्ट झाला. अमेरिकेत विजेची वारंवारता 60 हर्ट्झ असल्याने तेथील चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे 1725 फेरे घेते. आपल्याकडे 50 हर्ट्झवर तीच रचना सुमारे 1425 फेरे घेते आणि दोन ध्रुवांची मोटर सुमारे 2850. त्यामुळे 1725 फेऱ्यांचा ग्राइंडर भारतात शोधणेच व्यर्थ आहे. चाकाच्या कडेचा वेग काढला, तर जुन्या 150 मिमीच्या यंत्रावर तो सेकंदाला 22.4 मीटर होता. 200 मिमीचे चाक 2850 फेऱ्यांवर घेतले तर तो 29.8 मीटर होतो; आणि 200 मिमीचे चाक 1425 फेऱ्यांवर घेतले तर 14.9 मीटर. म्हणजे बाजारात सर्वात सहज मिळणारा 200 मिमीचा वेगवान ग्राइंडर हा जुन्या यंत्रापेक्षा एक तृतीयांशाने अधिक वेगाने कापणारा असतो. ‘मोठे यंत्र म्हणजे सौम्य यंत्र’ असे गृहीत धरून तो घेणाऱ्याची निराशा होते.

मोठ्या चाकाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दुसरा युक्तिवाद असा, की लहान चाकाने उतार फार खोलगट होतो. तोही मोजून पाहिला. 10 मिमी लांबीच्या उतारावर 150 मिमी चाकाने पडणारी खोली सुमारे 0.17 मिमी आणि 200 मिमी चाकाने सुमारे 0.13 मिमी येते. हा फरक कातकामात हाताला जाणवण्याजोगा नाही. मोठ्या चाकाचे खरे फायदे निराळे आहेत: ते झिजण्यास अधिक वाव असतो, त्याची रुंदी बहुधा 25 मिमी असल्याने रुंद स्क्यू चिझेल त्यावर नीट टेकते, आणि अशा यंत्राचे ओतीव अंग वजनदार असल्याने ते स्थिर राहते.

वेगवान 200 मिमी यंत्र नाकारावे असे मात्र मला वाटत नाही. ज्या कातारीची सर्व हत्यारे हायस्पीड स्टीलची आहेत, त्याला पांढऱ्या चाकासह ते उत्तम चालते. या कारखान्यात काकांची कार्बन पोलादाची हत्यारे नित्य वापरात होती आणि ती टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून कमी वेगाकडे कल झुकला. त्याला आणखी एक बळकट कारण मिळाले. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर 2850 फेऱ्यांवर सुमारे 1.25 न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) देते, तर त्याच शक्तीची मोटर 1425 फेऱ्यांवर सुमारे 2.5. गावाकडे संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, आणि इंडक्शन मोटरचा सुरू होतानाचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: 230 व्होल्टऐवजी 180 व्होल्ट असतील, तर तो जेमतेम 61 टक्के उरतो. जड चाक घेऊन सुरू होणाऱ्या यंत्राला अशा वेळी हाताशी शिल्लक ताकद असलेली बरी.

वेग कमी करण्याचे इतर मार्गही तपासले. पंख्याच्या रेग्युलेटरसारखे उपकरण लावून ग्राइंडर हळू चालवता येईल, असे एका ओळखीच्याने सुचवले होते. कपॅसिटरने सुरू होणाऱ्या ग्राइंडरच्या मोटरवर हे करणे चुकीचे आहे. वेग फारसा कमी होत नाही, पीळ मात्र जातो आणि वाइंडिंग तापते. तीन फेजची मोटर व्हीएफडीवर, म्हणजे विजेची वारंवारता बदलून वेग बदलणाऱ्या उपकरणावर, चालवली, तर वेग खरोखर हवा तसा मिळतो आणि सिंगल फेजवर चालणारे व्हीएफडी मिळतातही. परंतु त्यातून 230 व्होल्टच बाहेर येतात, म्हणून 415 व्होल्टसाठी स्टार पद्धतीने जोडलेली मोटरची वाइंडिंग कमी व्होल्टच्या डेल्टा जोडणीत बदलून घ्यावी लागते, आणि कातकामाच्या बारीक धुळीत व कोकणातील पावसाळी दमटपणात ते उपकरण जपणे हे वेगळेच काम होऊन बसते. हा मार्ग सोडला.

पाण्यात फिरणाऱ्या संथ चाकाच्या यंत्रांचा पुतण्याला मोह होता. स्वीडनच्या टॉर्मेकसारख्या यंत्रात 250 मिमीचे चाक मिनिटाला सुमारे 90 फेऱ्यांनी फिरते, त्यामुळे पाणी उतरण्याची भीती राहत नाही आणि धार अतिशय सुरेख येते. सुताराच्या पटाशीसाठी आणि कोरीव कामाच्या हत्यारांसाठी मी त्याचीच शिफारस करीन. कातारीला मात्र अर्ध्या मिनिटात लेथवर परतायचे असते, आणि आकार बदलण्यासाठी बरेच पोलाद काढायचे असेल तर हे यंत्र फार वेळ घेते. शिवाय त्याची किंमत या कारखान्याच्या आवाक्याबाहेर होती.

सर्वाधिक चर्चा सीबीएन चाकावर झाली. क्युबिक बोरॉन नायट्राइड हा पदार्थ अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी 1957 मध्ये प्रथम तयार केला. कठीणपणात तो हिऱ्याखालोखाल आहे, पण तापलेल्या लोखंडाशी हिऱ्यातील कार्बनची जशी प्रक्रिया होते तशी त्याची होत नाही, म्हणून पोलादासाठी तो हिऱ्याहून योग्य ठरतो. त्याचा थर दिलेल्या धातूच्या चाकाचा व्यास वर्षानुवर्षे बदलत नाही, ड्रेसिंग करावे लागत नाही, चाक फुटण्याची भीती नाही आणि दगडाची धूळ उडत नाही. हायस्पीड स्टीलसाठी याहून चांगले चाक मला माहीत नाही. परंतु मऊ, पाणी न दिलेल्या पोलादाने त्याचे कण बुजतात, आणि काकांच्या कमानपाट्याच्या हत्यारांचा मागचा भाग तसाच मऊ होता. एका सीबीएन चाकाच्या किमतीत पांढरी अनेक चाके येतात. म्हणून पहिल्या खरेदीत ते घ्यायचे नाही, परंतु यंत्र असे घ्यायचे की पुढे ते बसवता यावे, असे ठरले. यासाठी दांड्याचा व्यास नेमका मोजून घेणे आणि त्या मापाची भोके असलेली चाके बाजारात आहेत का हे आधी पाहणे गरजेचे असते. हे न पाहता यंत्र घेणाऱ्यांना नंतर पुन्हा बुशांच्याच भानगडीत पडावे लागते.

अखेरीस 200 मिमीचा, अर्ध्या अश्वशक्तीचा, सिंगल फेज, चार ध्रुवांच्या मोटरचा ग्राइंडर मागणी नोंदवून घेण्यात आला. नामपट्टीवर ‘एस 1’, म्हणजे सलग चालण्याची क्षमता, असावी ही अट घातली होती. स्वस्त यंत्रांवर बहुधा ‘एस 2’ आणि पुढे मिनिटे लिहिलेली असतात, व ती यंत्रे तेवढ्याच वेळासाठी असतात. यंत्र ताब्यात घेण्याआधी पुतण्याने दुकानातच चाके काढून ते चालवले, दांड्याला डायल गेज लावला आणि चालू यंत्राच्या अंगावर नाणे उभे करून पाहिले. नाणे उभे राहिले.

बसवणी आणि पुढचे काम

यंत्राबरोबर आलेले हत्यार टेकवण्याचे रेस्ट अरुंद आणि लवचीक होते. माझे स्पष्ट मत आहे की कातारीने ग्राइंडरच्या एकूण खर्चातच चांगल्या रेस्टचा खर्च धरावा, कारण पैलू पडण्याची तक्रार यंत्रामुळे नव्हे, तर डळमळीत टेकूमुळे आणि दर वेळी बदलणाऱ्या कोनामुळे निर्माण होते. येथे फॅब्रिकेटरकडून दोन गोष्टी करून घेतल्या: एका बाजूला कोन बदलता येणारे, जाड पट्टीचे रुंद रेस्ट, आणि दुसऱ्या बाजूला चाकाखालून पुढे-मागे सरकणारा चौकोनी दांडा, ज्याच्या टोकावरील ‘व्ही’ आकाराच्या खाचेत गाउजच्या मुठीचे टोक बसते. खांबावरच्या नक्षीच्या स्पिंडल गाउजसाठी सुमारे 40 अंश, चौकोनी लाकूड गोल करण्याच्या रफिंग गाउजसाठी 45, स्क्यूसाठी दोन्ही बाजू मिळून 25 ते 30 आणि खरडून काम करणाऱ्या स्क्रॅपरसाठी 70 ते 80 अंश असे कोन ठरवून, प्रत्येक हत्यारासाठी चाकापासून खाचेपर्यंतच्या अंतराचा एकेक लाकडी ठोकळा कापून ठेवला. ठोकळा मध्ये धरायचा, दांडा सरकवून आवळायचा, की कोन तोच मिळतो. काकांनी या ठोकळ्यांना प्रथम विरोध केला. त्यांचा हात इतका बसलेला आहे की त्यांना स्वतःला त्यांची गरज नाही आणि मी ते मान्य करतो. पुतण्याला मात्र त्यांच्यामुळे कमीत कमी पोलाद घालवून धार मिळू लागली, आणि महागड्या गाउजच्या बाबतीत ही बचत मोठी आहे.

चाक बसवण्याआधी ते भोकातून बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलके ठोकून पाहिले. निर्दोष चाक स्वच्छ वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. चाकावर कमाल वेग सेकंदाला 35 मीटर असा छापलेला होता, आणि 14.9 मीटर त्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने त्या बाजूने चिंता नव्हती. चाकाच्या दोन्ही अंगांना कागदी चकत्या ठेवल्या, डाव्या बाजूची नट उलट्या आट्याची असते हे लक्षात ठेवून दोन्ही बाजू बेताने आवळल्या, आणि पहिल्यांदा चालू करताना यंत्राच्या समोर कोणी उभे न राहता ते मिनिटभर मोकळे फिरवले. रेस्ट आणि चाक यांच्यातील फट 3 मिमीपेक्षा जास्त ठेवायची नाही, हा नियम भिंतीवर लिहिला आहे, कारण त्याहून रुंद फटीत अरुंद हत्यार ओढले जाऊन चाक फुटू शकते.

यंत्राची जागा ठरवताना मात्र वाद झाला. पुतण्याला ते लेथला लागूनच हवे होते, आणि कातकामाच्या दृष्टीने ते रास्त आहे. पण त्याच बाजूला लाकडाचा किस साठतो आणि लाख-पॉलिशसाठी स्पिरिटचे डबे असतात. ग्राइंडरची ठिणगी भुश्यात पडून बराच वेळ धुमसत राहू शकते. म्हणून लेथपासून चार पावलांवर, भिंतीत रोवलेल्या जाड फळीवर ग्राइंडर बसवला, त्याच्या मागे पत्रा लावला आणि डबे दुसऱ्या खोलीत हलवले.

एका पावसाळ्यानंतर स्थिती अशी आहे. काकांची हत्यारे काळी पडत नाहीत. मऊ प्रतीचे चाक कमी वेगावर आणखी मऊ असल्यासारखे वागते, त्यामुळे ते अपेक्षेपेक्षा लवकर झिजते आहे. पुढच्या वेळी ‘के’ऐवजी एक प्रत कठीण, ‘एल’ चाक घेऊन पाहण्याचे ठरले आहे. व्यास घटल्याने ठोकळ्यांनी मिळणारा कोनही हळूहळू सरकतो, म्हणून चाक 185 मिमीपर्यंत आले की ठोकळे नव्याने कापायचे आहेत. सीबीएन चाकासाठी पुतण्या पैसे बाजूला ठेवत आहे. ते ॲल्युमिनियमच्या गाभ्याचे घ्यावे, पोलादी गाभ्याचे नव्हे, असे मी त्याला सांगितले आहे, कारण संध्याकाळच्या उतरलेल्या दाबावर ते वजन उचलून यंत्राला वेग घ्यायचा आहे. ते उजव्या बाजूला हायस्पीड स्टीलसाठी राहील आणि डावे पांढरे चाक काकांच्या हत्यारांसाठी तसेच ठेवले जाईल.